नदी न पाहिलेला नदीचा कवी

हूनान प्रांतातल्या एका थर्मासच्या कारखान्यात तान शीग्वी यांनी बत्तीस वर्षं काढली. काम थर्मासच्या आतल्या काचेच्या बाटल्यांना चंदेरी मुलामा द्यायचं. शिवाय दर राष्ट्रीय दिनाला दारावरच्या फळ्यावर देशभक्तीची कविता लिहायचं कामही त्यांच्याच गळ्यात पडलेलं. 'गळ्यात पडलेलं' हा त्यांचाच शब्द. खरं म्हणजे त्या खडूसाठी त्यांनी साहेबांच्या घरी दोनदा बदक नेऊन दिलं होतं.

त्यांची गाजलेली कविता पिवळ्या नदीवरची. 'माते, तुझ्या मातीवर माथा टेकतो' अशी सुरुवात आणि शेवटच्या कडव्याला मूठ वर. म्हणताना त्यांचा गळा भरून येई, आणि आपला गळा भरून आलेला ऐकून त्यांना आणखीच भरून येई. अडचण एकच होती. त्यांनी पिवळी नदी पाहिली नव्हती. ज्या नदीत ते पोहायला शिकले, तिच्यावर मात्र एक ओळ नाही. ती काय, रोजचीच.

निवृत्तीनंतर नातीच्या पहिल्या वाढदिवसाला दोघं नवराबायको झंगचौला लेकीकडे गेली. तिथून नदी तासाभरावर.

"माथा टेकशील तेव्हा टोपी काढून ठेव," बायको पेइलान म्हणाली. "कालच धुतलीये."

जावई कंग याने तान यांना मोटारसायकलवर नेलं. एप्रिल महिना. पात्र मैलभर रुंद आणि पाणी कुठेतरी लांब, सांडलेल्या चहाच्या ओघळाएवढं. तान डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत उभे राहिले. धुळीने नाक वाहू लागलं, एवढंच. निदान माती तरी पायाखाली घ्यावी म्हणून ते हात पसरून चालत सुटले.

"अहो टोपीवाले!" मागून हाक आली. "भुईमुगावरून चाललाय तुम्ही."

सत्तरीची एक बाई कुदळ घेऊन उभी होती. तान यांच्या बुटांनी तिची नुकती पेरलेली अख्खी सरी तुडवली होती.

"ताई, चुकलो. मला वाटलं, ही नदीची जमीन."

"नदीचीच आहे. पेरते मी."

कंगला वाटलं, ओळख करून दिली की बाई निवळेल. "मावशी, हे आमचे सासरे कवी आहेत. या नदीवर कविता केलीये त्यांनी."

"बरं, म्हणा मग."

तान यांनी घसा साफ केला. 'माते, तुझ्या मातीवर माथा टेकतो...'

"माथा टेका," बाई म्हणाली, "पण आधी पाय उचला."

पुढे मूठ वर करायची पाळी आलीच नाही. तिने त्यांना वाकायला लावलं आणि दाणे परत हाताने दाबून बसवायला सांगितलं. दहा हातांच्या सरीला त्यांनी अर्धा तास घेतला. बाईने दोन दाणे उकरून पाहिले आणि पुन्हा नीट पुरले. मग पाणी प्यायला दिलं आणि आपणहून सांगितलं, की पुराने तिचं घर दोनदा नेलं.

"मग परत इथेच का बांधलंत?" तान यांनी विचारलं. मातृभूमी, पूर्वज, असं काही कानावर पडेल म्हणून खिशातली वही त्यांनी चाचपली.

"कुठे जायचं? भुईमूग चांगला येतो इथे."

वही खिशातच राहिली. परतताना कमरेत अशी उसण भरली, की कंगने त्यांना स्वतःच्या पाठीला पट्ट्याने बांधून आणलं.

हूनानला आल्यावर महिनाभर खपून त्यांनी बारा ओळी लिहिल्या. त्यांत सरी होती, कुदळ होती, भुईमूग होता, मूठ नव्हती. जिल्ह्याच्या मासिकाने परत पाठवल्या. संपादकांनी लिहिलं होतं, "शेतीविषयक माहिती उपयुक्त आहे. देशप्रेम कमी पडतं. पूर्वीसारखं काही असल्यास पाठवा."

तान यांनी हे पत्र शेजाऱ्यापाजाऱ्यांना स्वतःच वाचून दाखवलं. पण ऑक्टोबरात कारखान्याच्या राष्ट्रीय दिनाच्या सभेचं बोलावणं आलं, तेव्हा ते गेले आणि जुनी कविता मुठीसकट म्हणाले. टाळ्या पडल्या, आणि खोटं कशाला सांगा, त्यांना त्या आवडल्याही.

नवी कविता त्यांनी पेइलानला ऐकवली, ती तांदूळ धूत असताना. तिने नळ बंद केला आणि शेवटपर्यंत ऐकलं.

"यात ती म्हातारी दिसते," ती म्हणाली. "तू कुठे दिसत नाहीस."

"मग? बिघडलं का?"

"नाही रे. बरं वाटलं," म्हणून तिने नळ पुन्हा सोडला.