अजी, ऐकून राह्यले का?

मी संगीत करायचे, पण आमच्या घरात त्याला संगीत कोणी म्हणत नसे. माझ्या टेबलावर सीक्वेन्सर होता. जाड पुस्तकाएवढी धातूची पेटी, पुढे ओळीनं सोळा खटके. प्रत्येक खटक्याला एक आवाज नेमून द्यायचा. मग एक लाल दिवा डावीकडून उजवीकडे धावतो, ज्या खटक्यावर येईल तिथला आवाज वाजतो, आणि ओळ संपली की पुन्हा पहिल्यापासून. हे आवाज मी बाहेरून टिपून आणायचे. सेक्टर सतराच्या चौकातली कारंज्याची मोटर सुरू होताना घोगरते, तो आवाज. आयटी पार्कमधल्या माझ्या ऑफिसच्या जिन्याचा दरवाजा. बसच्या ब्रेकचा सुस्कारा. आई म्हणायची, "हे कायचं गाणं? मिक्सर बिघडल्यावानी वाटते."

आईबाबा अकोल्याचे. बाबा सेक्टर तीसमधल्या सरकारी प्रयोगशाळेत उपकरणं बनवण्याच्या नोकरीवर आले आणि निवृत्त झाल्यावरही त्याच सेक्टरात, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहिले. एवढी वर्षं पंजाबात काढून आईच्या बोलण्यातलं वऱ्हाड हललं नाही. भाजीवाल्याशी हिंदी बोलायची तीही वऱ्हाडी चालीवर.

एका उन्हाळ्यात मी मागच्या गॅलरीत कूलरचा आवाज टिपत होते. आत पाणी गवतावरून ठिबकत होतं, पंखा मधूनच अडखळत होता. मी श्वास रोखून उभी असताना स्वयंपाकघरातून आईनं बाबांना हाक मारली, "अजी, ऐकून राह्यले का?" बाबा ऐकत नव्हते. तिनं तीन-चारदा हाक मारली, दरवेळी वेगळ्या सुरात, शेवटची तर जवळजवळ हसत. नंतर टिपलेल्या आवाजातून ती हाक कापायला बसले आणि कापवेना. त्यातूनच माझी सगळ्यात चांगली रचना झाली. कूलरची ओळ लांब ठेवली, आईची आखूड. त्यामुळे दोन्ही दरवेळी वेगळ्याच जागी भेटत. हाक कधी येईल याचा अंदाज लागायचा नाही. घरात यायची तशीच.

ऑफिसमधला एक पंजाबी मित्र माझ्यासोबत वाजवायचा. तो लॅपटॉपवर आवाजांची पातळी सांभाळायचा, मी सीक्वेन्सरवर. एका कॅफेच्या माडीवर आम्ही ही रचना वाजवली. मोजकेच लोक आले होते, त्यातले निम्मे कॉफी संपताच उठले. पुढच्या वेळी सुधारणा करू म्हणून मी या रचनेचे सगळे मूळ आवाज त्याला पाठवून दिले.

पुढची वेळ आली नाही. आईला अर्धांगवायूचा झटका आला आणि तिची वाचा गेली. कित्येक महिने ती डोळ्यांनी बोलायची, चिडायची, भिंतीकडे तोंड करायची. हिवाळ्यात गेली. त्या काळात मी सीक्वेन्सरवर कापड टाकून ठेवलं होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर ऑफिसचं वार्षिक स्नेहसंमेलन होतं. जायची इच्छा नव्हती, पण टीममधल्या मुली घ्यायला आल्या. हिरवळीवर मंच बांधला होता. मित्र वर उभा राहून गाणी लावत होता, ढोलाचा ठेका, खाली सगळे नाचताहेत. एकाएकी ठेका थांबला आणि स्पीकरमधून आई म्हणाली, "अजी!" सगळ्यांनी हात वर करून ओरडून उत्तर दिलं, "अजी!" पुन्हा ठेका, पुन्हा आई. दर चौथ्या मात्रेवर, नेमकी, यंत्रासारखी. पुढचे शब्द तोडून टाकले होते. ती बाबांना काय विचारत होती ते तिथल्या कुणाला कळण्याची सोय नव्हती. माझ्या शेजारची मुलगी म्हणाली की त्याचं हे गाणं सध्या सगळीकडे वाजतंय, तू ऐकलं नव्हतंस? मित्रानं मला पाहिलं आणि मंचावरून आनंदानं हात हलवला.

मी पार्किंगमध्ये त्याची वाट पाहत उभी राहिले. तो आला, घामानं भिजलेला, खूश. गाणं काढून टाक म्हटलं. त्याला खरोखर वाईट वाटलं, पण मी रागावल्याचं नव्हे, मला आवडलं नाही याचं. आता ते त्याच्या हातात नाही, लोकांनी आपापल्या व्हिडिओंना लावलंय, असं तो म्हणाला. मी विचारलं की मला आधी विचारलं का नाहीस. "तू हॉस्पिटल में थी यार, कैसे पूछता?" मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "तेरा वाला कितने लोगों ने सुना? अब आंटीजी को पूरा शहर जानता है." गाण्याखाली आईचं नाव घालतो, सांग काय लिहू, असंही म्हणाला. मी नाव सांगितलं नाही. ऑटो करून घरी आले.

बाबांना कळू द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण ते गाणं बाजारात वाजत होतं. एका सकाळी ते भाजी न घेताच परत आले आणि पिशवी हातात धरून खुर्चीवर बसले.

"दुकानात तुझ्या आईचा आवाज होता," ते म्हणाले.

मी सगळं सांगितलं. ते संतापतील, मित्राला जाब विचारायला निघतील, निदान माझ्या बाजूनं दोन शब्द बोलतील, असं वाटलं होतं. त्यांनी फक्त विचारलं, "माझ्या फोनमध्ये टाकून देशील का?"

मी त्यांना हेडफोन देऊन त्या गाण्याऐवजी माझी रचना लावली. ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकत राहिले. मग हेडफोन काढून अवघडत म्हणाले, "चांगलं आहे बेटा. पण यात कूलरच लई आहे. ते पोराचं दे. त्यात ती साफ ऐकू येते."

तेव्हापासून आमच्या घरात सकाळच्या चहाला ढोल वाजतो. पलीकडच्या खोलीत बाबा फोन कानाशी धरून बसतात. एकदा मी त्यांना हळूच "बोल ना" म्हणताना ऐकलं आणि दार लोटून घेतलं.

मग त्यांनी मित्राला घरी बोलावलं. मी कामाचं निमित्त करून दोनदा टाळलं, तर त्यांनी माझ्या फोनमधून त्याचा नंबर घेतला. तो मिठाईचा डबा घेऊन आला, बाबांच्या पाया पडला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. त्याचे डोळे भरून आले, आणि ते खोटं नव्हतं, हेच मला सहन होत नव्हतं. मी पोहे केले, चहा केला. दोघं हिंदीत बोलत होते. आई कशी हाक मारायची, बाबा मुद्दाम कसे ऐकू न आल्यासारखं करायचे. हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं.

निघताना मित्र माझ्याकडे वळला. "आंटीजी की और रिकॉर्डिंग है क्या? अंकल के लिए कुछ बना दूँ."

बाबा माझ्याकडे पाहू लागले.

होत्या. पोळ्या लाटताना स्वतःशी पुटपुटणारी आई, फोनवर अकोल्याच्या बहिणीशी भांडणारी आई, मला जेवायला बोलावणारी आई. सगळं माझ्या रेकॉर्डरमध्ये होतं.

"नाही," मी म्हणाले. "तेवढंच होतं."

बाबांनी मान हलवली. मित्रानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं जिना उतरून गेले. मी गॅलरीतून पाहिलं तर फाटकाशी उभे राहून ते अजून बोलत होते, आणि बाबा हसत होते. मी आत जाऊन कपबशा विसळल्या.