पार्लरवालीचं दुखणं

पार्लरवालीला श्वास घ्यायलाही फुरसत नसे, आणि रविवारी तर मुळीच नाही. लग्नं नेमकी रविवारीच निघत. सकाळपासून नवरीचे केस, नवरीच्या आईचा चेहरा, आणि ऐन वेळी दोघींना रडू कोसळलं की सगळा मेकअप पुन्हा पहिल्यापासून. हिचा नवरा लेकीला घेऊन चर्चला निघाल्याचा फोन करी, तेव्हा ही तोंडात पिना धरूनच 'हं' म्हणायची. माहेरी असताना हिने एकही उपासना चुकवली नव्हती, पण या वस्तीत राहायला आल्यापासून चर्चचा उंबरठा ओलांडलेला नव्हता. ते तिला आतून खात असे. "देव समजून घेतो हो," असं ती स्वतःलाच सांगायची. जसा काही समजून घेण्याचा मक्ता देवानेच घेतलाय!

त्या रविवारी नवरीलाच ताप भरला आणि लग्न पुढे गेलं. नवरा आणि मुलगी गाण्याच्या सरावासाठी आधीच गेलेले. त्यांना चकित करू म्हणून पार्लरवालीने घाईघाईने कपडे बदलले, डायने काळी झालेली बोटं रुमालात लपवली आणि शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिला इथे ओळखणारं कुणी नव्हतं. पार्लरही शहराच्या दुसऱ्या टोकाला. शेजारी एक म्हाताऱ्या नर्सबाई होत्या, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या. पुढे गायकांमध्ये नवरा डोळे मिटून गात होता. त्याला पाहून तिला भरून आलं.

मग पाळकसाहेबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना सुरू केली. "आणि प्रभू, आमची पार्लरवाली बहीण, जी अंथरुणाला खिळून आहे..."

'ही दुसरी पार्लरवाली कोण?' हिच्या मनात आलं. 'इथे पार्लर कधी उघडलं?'

"फार वाईट झालं हो," नर्सबाई कुजबुजल्या. "ते पुढे गातात ना, त्या भाऊंची बायको. पाठीचं दुखणं. कूससुद्धा बदलता येत नाही बिचारीला."

पार्लरवालीने पुन्हा पुढे पाहिलं. भाऊ म्हणजे आपला नवरा. बिचारी म्हणजे आपण!

झालं होतं एवढंच. पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं, "वहिनी नाही आल्या?" तिला वेळ नाही म्हणायची लाज वाटून हा म्हणाला, "तिला बरं नाही." पुढच्या रविवारी लोकांनी विचारलं, "आता कशा आहेत?" हा म्हणाला, "आहे तशीच." एका थापेला दुसऱ्या थापेचा टेकू देता देता त्याने धडधाकट बायको अंथरुणाला खिळवली.

"आज कुणी नवीन आलं असेल तर ओळख द्यावी," पाळकसाहेब म्हणाले. माना मागे वळल्या. नवऱ्याने तिला पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणीच पळालं. त्याने हळूच हात जोडले. बोलू नको, एवढंच त्यात होतं. खरं बोलावं तर चारचौघांत त्याची अब्रू जाणार. खोटं बोलावं, तर ते कुठे? देवाच्या घरात?

ती उभी राहिली. "मी... मीच ती पार्लरवाली."

"हालेलूया!" कुणीतरी ओरडलं. टाळ्यांचा कडकडाट झाला. पाळकसाहेबांनी दोन्ही हात वर केले, पुढच्या बाकावरच्या बायका रडायला लागल्या, नर्सबाईंनी तर तिला मिठीच मारली. चमत्कार झाला होता! पार्लरवालीने दोन्ही हात हलवले.

"थांबा हो, थांबा!" तिचा आवाज चिरका झाला. "मी आजारी नव्हतेच. कधीच नव्हते. मला वेळ नव्हता."

टाळ्या थांबल्या. नवऱ्याने तोंड ओंजळीत लपवलं. नर्सबाईंची मिठी सुटली.

"वेळ नव्हता?" नर्सबाईंनी विचारलं. "अगं, मी रोज पहाटे तुझ्यासाठी गुडघे टेकते. डॉक्टर नको म्हणाला, तरी टेकते!"

पार्लरवालीला कुठे बघावं कळेना. तिला माफी मागायची होती, पण तोंडातून भलतंच निघालं. "काय... काय मागायचात माझ्यासाठी?"

"काय मागणार?" नर्सबाई डोळे पुसत, रागानेच म्हणाल्या. "तिला उठू दे आणि एकदा इथवर येऊ दे, एवढंच."

पार्लरवालीला नवरीचा ताप आठवला आणि ती मटकन खाली बसली.