निजलेल्या उताराला मी पडीक लिहिलं

मला फास्ट टाईप करता येतं म्हणून सर्व्हेच्या साहेबांनी मला टॅब दिला. अकोले तालुक्याच्या डोंगरातलं आमचं गाव, सगळी घरं ओळखीची, कॉलेजला सुट्टी. मी उड्या मारतच गेले! लहान शेतकऱ्यांचे प्रकार पाडायचे होते, कोणाची शेती टिकणारी आणि कोणाची नाही ते बघायला. विकायला पिकवणारे, घरापुरतं पिकवणारे आणि जमीन पडीक ठेवणारे. बास, तीनच.

माझ्या काकीचं खाली भाताचं खाचर आहे आणि वर डोंगरउतार. उतारावर ती एक वर्ष नागली घेते, मग वरई, मग तेलासाठी खुरासणी आणि पुढची तीन वर्षं काहीच नाही. नुसतं गवत वाढू देते. त्यातली दोन वर्षं झालेली, एक बाकी.

साहेबांनी विचारलं, "इथं यंदा काय पेरणार, मावशी?"

"काय न्हाई. निजलीय ती."

"म्हणजे पडीक."

"पडीक कशी? तुमी झोपता तवा काय पडीक व्हय?"

साहेब हसले. मीही हसले आणि हसता हसता 'पडीक'वर टिक केली. हो, मीच! दुसरा ऑप्शन नव्हता हे आत्ता म्हणतेय, तेव्हा मी थांबलेसुद्धा नाही.

पंधरा दिवसांनी ग्रामपंचायतीत यादी वाचली. पडीक जमिनीवर निलगिरी लावायची. नको असेल तर यंदा पीक घेऊन फोटो द्यायचा. दोन्ही नाही, तर सगळ्या योजनांतून नाव कट.

मी तिथूनच साहेबांना फोन लावला. "सर, ती जमीन झोपू दिली नाही तर माती धरत नाही. टिकणारी शेती म्हणजे हीच ना?"

"अगं, मला पटतंय. पण ॲपमध्ये विश्रांती असं काही नाहीच."

डोकंच फिरलं माझं! अर्ध्या वाडीला वरईचं बी काकीच्या कणगीतून जातं आणि ती म्हणे जमीन पडीक ठेवणारी. खाली रस्त्याकडेला दरवर्षी तेच टोमॅटो, तीच औषधं मारून जमीन दगडासारखी केलेले लोक मात्र यादीत हिरव्या रंगात, टिकणारे म्हणून. कोणी ठरवलं हे? कधी कुदळ धरलीय का त्यांनी?

काकी रागावली नाही. कुदळ घेऊन निघाली. "चल, उरकू."

"एक वर्ष बाकी आहे ना अजून?"

"हाय की. पन निलगिरीपरीस वरई बरी. ती झाडं एकदा बसली का माझ्या नातवंडास्नीबी उपटायची न्हाईत."

"काकी, चूक माझी..."

"लई टायपिंग झालं तुझं. दगड उचल."

उतार आम्ही त्याची झोप पुरी व्हायच्या वर्षभर आधीच उकरला. आता खालच्या कडेला दगड रचतोय, निदान माती ओढ्यात जाऊ नये म्हणून. मी म्हटलं, फोटो पाठवणारच नाही.

"पाठव की," काकी म्हणाली. "पन त्यास्नी सांग, पावसाळा सरला का इथं या. माती राहिली का न्हाई, ते बघा."