मार्थाबाईंचा शुक्रवार

मार्थाबाई ओहोळ कुणाही मुलाला नाव विचारण्याआधी 'जेवलास का?' असं विचारायच्या. तेही मराठीत. इंग्लंडमधल्या रीडिंग गावातली ती चौदा-पंधरा वर्षांची इंग्रज मुलं, शाळेचा टाय सैल केलेला, कानात इअरफोन, आधी नुसती हसायची. महिन्याभरात त्यातली निम्मी दारातूनच 'जेवलो नाय, मिस!' असं ओरडत आत यायला लागली. हे वाक्य त्यांना माझ्या लेकाने, निखिलने शिकवलं होतं. त्याला स्वतःला ते धड म्हणता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

बाई राहुरीच्या. तीस वर्षं मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकवलं, शिवाय मुलींचं वसतिगृह सांभाळलं. निवृत्त झाल्यावर त्यांच्या तिकडच्या चर्चच्या मंडळींनी त्यांना तीन वर्षांसाठी इकडे धाडलं होतं, आमच्या भागातल्या चर्चमध्ये तरुण मुलांसाठी काम करायला. त्या चर्चमध्ये रविवारी पंधरा-वीस म्हातारी माणसं असत. मूल एकही नसे.

"उलटंच झालं की हो हे," मी पहिल्या भेटीत म्हणाले. "इंग्रजांना तुम्ही येशू सांगणार?"

"ज्या घरानं आपल्याला विरजण दिलं, त्याच घरचं दही संपलं तर काय करायचं? वाटी घेऊन जायचं की नाही शेजारणीनं?"

मी तिथे गेले ते किल्ल्यांमुळे. आमच्या मराठी वर्गासाठी रविवारी दुपारी तोच हॉल भाड्याने घेतलेला असतो. किल्ल्या, हीटिंग, खुर्च्या, हजेरी हे सगळं माझ्याकडे. मुलांमध्ये काम करायला इथे पोलिसांकडून तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र लागतं, ते माझ्याकडे होतं. आणि मुलांच्या कार्यक्रमात कायम दोन मोठी माणसं हजर हवीत, असा चर्चचा नियम. पंधरा-वीस म्हाताऱ्यांपैकी कुणाच्याच्याने बाईंनी शुक्रवारी सुरू केलेल्या मुलांच्या क्लबचा गोंधळ सोसवेना. बाईंनी मलाच धरलं.

"पण मी हिंदू आहे."

"मला तुमचा देव नकोय, अनघाताई. सर्टिफिकेट हवंय. देवाचं तुम्हाला पण सांगणार आहेच मी, पण तुमच्या याद्या संपल्यावर. म्हणजे आता स्वर्गातच."

मुलांच्या सुरक्षेच्या नियमांची चर्चची पुस्तिका चाळीस पानांची होती. ती मी एका संध्याकाळी वाचून काढली आणि बाईंसाठी मराठीत एका पानाचा कागद केला. दहा कलमं. लॅमिनेट करून स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवला. पहिलं कलम: 'दोन मोठी माणसं नसतील तर हॉल उघडायचा नाही. कुणालाही आत घ्यायचं नाही.' चर्चचा कारभार बघणाऱ्या वॉर्डननी आधीच बजावलं होतं की एक जरी तक्रार आली तरी क्लब बंद. आणि क्लब बंद म्हणजे बाईंचा व्हिसाही संपला.

शुक्रवारी साडेचार ते सहा. टोस्ट, टेबल टेनिस, एखादी गोष्ट आणि शेवटी एका वाक्याची प्रार्थना. ज्याला नको असेल त्याने तेवढा वेळ बूट बघत बसावं, अशी मुभा. बाई दोन दोन पाव टोस्टरमध्ये घालत आणि लोणी अगदी कडेपर्यंत लावत. "रिकाम्या पोटी देवाचं नाव घेतलं तर ते ढेकरासारखं बाहेर येतं," असं त्यांचं मत. जेक नावाच्या एका उंच मुलाने त्यांना विचारलं होतं, "पण मिस, देव आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"आई चिडलीय हे तुला कसं कळतं? घरात शिरायच्या आधीच कळतं की नाही?"

"हो, पण माझी आई खरी आहे!"

सगळी पोरं हसली. सगळ्यात जोरात बाईच हसल्या. त्या मुलाला त्यांनी एक टोस्ट जास्त दिला.

मेगन यायला लागली ती दुसऱ्या हिवाळ्यात. राखाडी हूडी, बाह्या बोटांवर ओढलेल्या. खेळायची नाही, रेडिएटरला पाठ लावून बसायची. दीड महिना तिने टोस्टला 'थँक्स' म्हणण्यापलीकडे तोंड उघडलं नाही. नंतर ती भांडी पुसायला स्वयंपाकघरात यायला लागली. दार उघडंच ठेवायचं, हे चौथं कलम. मी बाहेरून दोघींच्या पाठी बघायची. एका शुक्रवारी निघताना तिने बाईंना काहीतरी हळूच सांगितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"पुढच्या वेळी लवकर येते म्हणाली. सगळे यायच्या आधी. सांगायचंय काहीतरी."

मी माझ्या फोनमध्ये लिहून ठेवलं: शुक्रवारी सव्वाचारला हॉलवर.

त्या शुक्रवारी मी लंडनला कामाला गेले होते. परतीची गाडी वाटेत स्लाऊ स्टेशनला थांबली ती थांबलीच. चार वाजता मी बाईंना फोन केला. म्हटलं, मला पोचायला सहा वाजतील, क्लब रद्द झाल्याची पाटी लावा.

"आणि मेगन?"

"तिला पुढच्या शुक्रवारी बोलवा."

"तिला सांगायचंय हो काहीतरी."

"मला माहितेय. पण मी नसताना तुम्ही तिला आत घेतलंत आणि उद्या कुणी काही म्हटलं तर? नियम म्हणजे नियम, मार्थाबाई."

"बरं," त्या म्हणाल्या.

मेगन सव्वाचारला आली. दाराला वरच्या अर्ध्यात काच आहे. बाईंनी आतून पाटी दाखवली आणि काचेला तोंड लावून सांगितलं, "नॉट टुडे, बेटा. नेक्स्ट फ्रायडे." बारीक पाऊस होता. ती दहा मिनिटं तिथेच उभी राहिली, बाई आत उभ्या राहिल्या, आणि मग ती गेली. हे मला बाईंनी सांगितलं, एकदाच.

ती घरी गेलीच नाही. सोमवारी पोलीस येऊन आमची नावं आणि जबाब घेऊन गेले. तीन आठवड्यांनी कौन्सिलच्या बालकल्याण खात्यातल्या एका बाईंचा फोन आला: मुलगी ब्रिस्टलमध्ये सापडली, सुरक्षित आहे, आता दुसरीकडे राहते. कुठे, ते सांगता येणार नाही. तिला काय सांगायचं होतं, तेही नाही. मार्थाबाईंनी एक पत्र पाठवायची परवानगी मागितली. ती मिळाली नाही.

त्यानंतर क्लब वर्षभर चालला. दार वाजलं की बाईंचा लोण्याचा सुरा तिथल्या तिथे थांबायचा. जो आला असेल तो दिसला की परत चालू व्हायचा. मी काही बोलायची नाही, कारण मला एक गोष्ट कळली होती आणि ती मी त्यांना सांगितली नव्हती.

पोलीस येऊन गेल्यावर मी ती पुस्तिका पुन्हा काढली होती. एकविसाव्या पानावर लिहिलं होतं: तुम्ही एकटे असताना मूल अडचणीत आलेलं दिसलं तर त्याला परत पाठवू नका, बाहेर, लोकांच्या नजरेत थांबा आणि जबाबदार व्यक्तीला फोन करा. म्हणजे तिला घेऊन बाहेर बाकावर बसायचं. समोरच बसस्टॉप होता. हे माझ्या कागदावर नव्हतं. मी वाचलं होतं. पण दहा कलमांत पान भरलं आणि ते लांबलचक वाटलं, म्हणून गाळलं.

तीन वर्षं संपली तेव्हा बाईंना हीथ्रोला सोडायला मीच गेले. बॅगा देऊन झाल्या. आम्ही चहा घेऊन बसलो आणि मी पुस्तिका पर्समधून काढून ते पान त्यांच्यापुढे ठेवलं. म्हटलं, चूक माझी आहे, तुमची नाही, वर्षभर सांगायचं धैर्य झालं नाही.

त्यांनी पानाकडे बघितलंसुद्धा नाही.

"अनघाताई, तीस वर्षं मी इंग्रजी शिकवलंय. ही चाळीस पानं मी राहुरीला असतानाच वाचली होती."

मी पुस्तिका मिटली.

"मला माहीत होतं. छत्री घेऊन बसस्टॉपवर बसायचं होतं, एवढंच. पण मला वाटलं, कुणी बघितलं तर? वॉर्डन काय म्हणतील? परत धाडलं तर? तुमचा कागद दाराला होता. मी त्याच्या आड उभी राहिले." मग चहाचा कप दोन्ही हातांत धरून म्हणाल्या, "तीन वर्षं पोरांना सांगितलं, एक हरवलेलं मेंढरू शोधायला मेंढपाळ नव्याण्णव सोडून जातो. माझ्याकडे तर त्या दिवशी सोडायला कुणी नव्हतंच. हॉल रिकामा होता."

त्यांना माफ करणारी मी कोण, आणि मला त्या कोण. आम्ही चहा संपवला. उड्डाणाची वेळ झाली.

मार्थाबाई गेल्या पावसाळ्यात राहुरीला वारल्या. महिन्याभराने त्यांच्या भाचीचा, रत्नमालाचा, मेसेज आला. चर्चमध्ये स्मरणसभा आहे, मावशींच्या इंग्लंडमधल्या सेवेबद्दल एक पान लिहून द्याल का, विशेषतः किती मुलं प्रभूकडे आली ते. मी हजेरीची वही काढून बसले. प्रभूकडे किती आली याचा रकाना त्यात नाही. मी लिहिलं की मुलं यायची, खायची, वाद घालायची, आणि त्यांतला जेक आता दुसऱ्या एका क्लबमध्ये स्वतः टोस्ट करतो. शेवटी लिहिलं: 'मेगन नावाच्या एका मुलीला आम्ही दोघींनी दारातून परत पाठवलं.'

दुसऱ्या दिवशी रत्नमालाचा फोन आला.

"अनघामावशी, सुंदर लिहिलंय. फक्त ते शेवटचं वाक्य गाळलं तर चालेल का? सभेत बरं दिसणार नाही."

"नाही चालणार," मी म्हणाले.

"मग लोक विचारतील ना, त्या मुलीचं पुढे काय झालं म्हणून."

"विचारू देत," मी म्हणाले. "इथे कुणीच विचारत नाही."