फानीचा समुद्री कायदा

आमच्या तुकुमान शहरातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नाही. तरीही इथल्या विद्यापीठातून वकील व्हायचं तर समुद्री कायद्याची तोंडी परीक्षा द्यावी लागते. जहाज बुडालं तर मालाचं काय, कप्तानाचा अधिकार किती, असलं सगळं. उसाच्या मळ्यांत वाढलेली पोरं ते घोकतात, पास होतात आणि विसरतात. फानी स्वेर्दलिकने मात्र हा एक विषय अठरा वर्षं शिल्लक ठेवला. बाकीचे सगळे तिने चोविसाव्या वर्षीच झकास गुणांनी संपवले होते. ती नापास होत नव्हती. बसतच नव्हती.

कारण मला ठाऊक होतं. माझं कापडाचं दुकान ज्यू विद्यार्थिगृहाच्या बरोबर समोर, आणि गिऱ्हाईक नसलं की डोळ्यांना काहीतरी काम हवंच.

विद्यार्थिगृह म्हणजे तीन खोल्यांचं घर. साल्ता, हुहुय, सांतियागोहून शिकायला येणाऱ्या आमच्या मुलांनी एकत्र यावं म्हणून जुन्या मंडळींनी घेतलेलं. शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या, जेवण, गाणी आणि भांडणं. नियमावलीत कडक कलम एकच: अध्यक्ष हा विद्यापीठाचा चालू विद्यार्थीच हवा. अध्यक्ष नसेल तर घराला कुलूप.

फानी मेतान गावची. बापाचं फर्निचरचं दुकान. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र गल्लीच्या टोकापर्यंत. अध्यक्ष झाल्या झाल्या ती माझ्याकडे टेबलावर घालायला कापड घ्यायला आली.

"तुर्को, हे धुतल्यावर आटेल का?"

पहिल्याच भेटीत तुर्को! माझे आईबाप अलेप्पोचे, तिचे आजोबा ओडेसाचे. पण आमच्या देशात सिरियाहून आलेला ज्यू तो तुर्क आणि तिकडच्या थंडीतून आलेला तो रशियन. त्यावर अपील नाही.

"कापड नाही आटणार, रूसा," मी म्हणालो. "तुझी जीभ तेवढी आटली तर बरं."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

ते कापड चौदा माणसांच्या मापाचं होतं. माणसं आकड्यांनी मोजली की दृष्ट लागते अशी आमच्यात समजूत. म्हणून फानी जेवणाआधी बोट नाचवत मोजायची, "एक नाही, दोन नाही, तीन नाही..." पंच्याऐंशी साली ती चौदा नाहीपर्यंत पोचायची. त्या चौदांत एक नातालियो कोहान. सांतियागोचा, डॉक्टरकीला. बेसूर गायचा आणि चमच्याने टेबल बडवायचा. फानी त्याच्या ताटात सगळ्यात मोठा तुकडा वाढायची आणि सगळ्यात कमी त्याच्याशी बोलायची. मी ओळखायचं ते ओळखलं आणि त्याच दिवशी माझ्या बायकोला, सुल्तानाला सांगितलं. सुल्तानाने फक्त चौघींना सांगितलं.

आमच्याकडे कुणाचा शेवटचा विषय सुटला की मित्र विद्यापीठाच्या दारातच त्याच्या डोक्यावर अंडी फोडतात, पीठ उधळतात. नातालियो डॉक्टर झाला त्या दिवशी आम्ही त्याचं पार ऑम्लेट केलं. तशा अवतारात तो पायऱ्यांवरून ओरडला, "रूसा, तू सुटशील तेव्हा पहिलं अंडं माझं! जगात कुठेही असलो तरी येईन."

तीन महिन्यांनी तो समुद्रापलीकडे बेरशेबाला गेला. मग बाकीचेही पांगले. कुणी हैफाला, कुणी बार्सिलोनाला, उरलेले राजधानीत.

दर मार्चमध्ये निवडणूक व्हायची. यंदा कोण, असं विचारलं की फानीच म्हणायची, "ही पोरं अजून कच्ची आहेत. एक वर्ष मी बघते." असं एकेक वर्ष. दिवसा एका नोटरीच्या कचेरीत टायपिंग करायची, शुक्रवारी कोंबडीचं सूप. पोरं बदलत गेली, तिला मावशी म्हणू लागली, मग मागून आजीसुद्धा. मोजणी सहा नाहीवर थांबू लागली. तरी फानी ताटं चौदाच मांडायची. रिकामी ताटं जेवणानंतर पुन्हा धुवायची. मी एकदा विचारलं, "न वापरलेली कशाला धुतेस?"

"धूळ बसते, तुर्को."

मी पुढे काही विचारलं नाही. मलासुद्धा कधीकधी कळतं.

हुहुयची मिकाएला सित्रिन आली आणि हे सगळं ढवळून निघालं. वीस वर्षांची पोर, तोंडाला लगाम नाही. ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी मीही जेवायला होतो. फानीचं नेहमीचं चाललं होतं, "देईन की परीक्षा. पण मग हे घर कोण बघणार?"

"मार्चमध्ये मी हात वर केला होता," मिकाएला म्हणाली.

"तू दुसऱ्या वर्षाला होतीस."

"आणि तू अध्यक्ष झालीस तेव्हा?"

फानी डावाने सूप ढवळू लागली.

"दुसऱ्याच वर्षाला," मी म्हणालो.

"तुर्को, सूप पी."

"फानी, राग मानू नकोस," मिकाएला म्हणाली, "पण ही खुर्ची तू आमच्यासाठी धरून ठेवलेली नाहीस. त्याच्यासाठी ठेवलीस. तू उठत नाहीस, म्हणून आम्हाला बसता येत नाही."

'तो' कोण हे पोरांना कुणी सांगितलं असेल, याचा तपास नको.

फानीने हातातला डाव ठेवला. रिकाम्या ताटांवरून एकदा नजर फिरवली. मग ती उठली आणि ती सगळी ताटं एकावर एक रचून कपाटात ठेवून आली. सोमवारी तिने डिसेंबरच्या परीक्षेला नाव घातलं.

मी लगेच नातालियोला पत्र लिहिलं. तारीख कळवली, अंड्याची आठवण दिली. उत्तर आलं, टाइप केलेलं. तीन मुलं, गुडघेदुखी, तिकडचा उन्हाळा. खाली एक ओळ: "अंड्यांचं काही आठवत नाही, पण फानीला शुभेच्छा. ती उंच मुलगी ना?"

ते पत्र मी गॅबर्डिनच्या ताग्याखाली दडवलं. सुल्तानाला न सांगितलेली माझ्या आयुष्यातली ही एकमेव बातमी.

परीक्षेला गोळ्या भरलेला लोखंडी पिंजरा गरगरा फिरवतात आणि बाहेर पडेल त्या गोळीवर जो आकडा असेल त्या क्रमांकाच्या विषयावर बोलायचं. बुडत्या जहाजावरून कप्तानाने सगळ्यांच्या शेवटी उतरावं, हा विषय तिला आला असं सांगायला मला फार आवडलं असतं. पण आला मालवाहतुकीचा विमा. ती चाळीस मिनिटं बोलली.

दारात आम्ही उभे होतो. पोरं, सुल्ताना, मी. फानी बाहेर आली. करडा स्कर्ट, इस्त्रीची कॉलर. सवयीने तिचे ओठ हलले, एक नाही, दोन नाही. आठ नाहीवर थांबले. मग ती रस्त्याच्या कोपऱ्याकडे बघत राहिली.

पोरांच्या हातात अंडी होती, पण कुणी पुढे होईना. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"थांबा," मी म्हणालो. "पहिलं माझ्याकडे आहे. नातालियोचं पत्र आलंय. म्हणतो, रजा मिळत नाही, पहिलं अंडं माझ्या वतीने तू फोड."

फानीने माझ्याकडे नीट पाहिलं. "तुर्को, खोटं बोलताना तू मिशी चावतोस."

"मग फोडू की नको?"

तिने चष्मा काढला, पुसला, पर्समध्ये ठेवला.

"फोड."

मग पोरं तुटून पडली. अंडी, पीठ, आणि सुल्तानाने, मी विनवण्या करूनही, व्हिनेगर. रस्त्यावरच हात वर करून मिकाएलाला अध्यक्ष केलं. "फानी, आज ताटं किती मांडू?" तिने लगेच विचारलं.

"अध्यक्ष तू. तू ठरव."

पोरं पुढे पळाली. पिठाने पांढरी झालेली फानी माझ्याजवळ पायरीवर बसली.

"काय म्हणाला तो? पुन्हा सांग."

मी पुन्हा सांगितलं. या वेळी मिशीला दात लागू दिला नाही.

"आणखी?" ती म्हणाली.

मग मी आणखी सांगितलं.