घागरींचा सेनापती आणि आमचं निवेदन

माणसाची निष्ठा संकटाच्या घडीलाच पारखली जाते, असं थोर लोक सांगून गेले आहेत. मी हे वाक्य जिथं जिथं ऐकलं, तिथं बोलणाऱ्याच्या गळ्यात हार होता आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या. आमच्याकडे मात्र निष्ठा दर रविवारी सकाळी पारखली जायची, आणि तीही वीज असली तर.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात कारकून होतो. माणूस आत कधी आला आणि बाहेर कधी गेला एवढंच मला ठाऊक असायचं. मधल्या वेळात त्यानं काय केलं हा माझा विषय नव्हता. राहायला जालना रस्त्यापासून जरा आत, एका ओळीत बांधलेल्या चार पत्र्याच्या खोल्या. मालकीण साठी ओलांडलेल्या, विधवा. सगळे त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचे. मुलगा आखातात होता आणि त्यानं आईला रंगीत टीव्ही घेऊन दिला होता. मुलगा दोन वर्षांतून एकदा दिसायचा, टीव्ही रोज.

रविवारी त्या टीव्हीवर एक मालिका लागायची. त्यातल्या दुष्ट राजानं जादूनं देशातल्या नद्या घागरींत कोंडून ठेवल्या होत्या. त्या घागरींवर पहारा ठेवणारा एक सेनापती होता. शूर, सच्चा, कमी बोलणारा. राजा वाईट आहे हे त्याला कळायचं. तरी तो जागचा हलत नसे, कारण अनाथ असताना त्याला राजानं वाढवलं होतं.

नद्या कोंडल्या गेल्या याचं आम्हाला विशेष आश्चर्य वाटलं नाही. नळाला तिसऱ्या दिवशी पाणी यायचं. "हमारे नल का पानी बी इन्नेच ले गया होंगा," खाला पहिल्याच भागाला म्हणाल्या आणि लसूण सोलत राहिल्या.

खालांशिवाय आम्ही तिघं. मी, शेजारच्या खोलीतला टर्नर आणि पलीकडचा स्टोअरकीपर. तिघंही एकाच कारखान्यात. टर्नर करमाडच्या पुढच्या एका वस्तीवरचा, मेंढपाळाच्या घरातला. अजून दर दिवाळीला बापाच्या मेंढरांकडे जायचा आणि परत आला की दोन दिवस लेथला घोंगडीचा वास यायचा. स्टोअरकीपर वयानं आमच्याहून मोठा. कॉलेजात असल्यापासून नामांतराच्या चळवळीत होता. विद्यापीठाच्या नावावरून गावोगाव पेटलं त्या वर्षी त्याच्या मामाचं घर जळालं होतं. हे त्यानं मला एकदाच सांगितलं, आणि लगेच बेअरिंगच्या साठ्याविषयी बोलायला लागला. सरकारनं नाव बदलायची वाट न बघता तो विद्यापीठाला लिहिलेल्या प्रत्येक पाकिटावर नवंच नाव टाकायचा. पोस्टमन ती पत्रं बिनचूक पोचवायचा. पोस्टापुरतं नामांतर केव्हाच झालं होतं.

वाद सेनापतीवरून पेटला.

"हा खरा खलनायक," स्टोअरकीपर म्हणाला. "राजा तर वाईटच आहे, त्यात त्याची काय चूक? याला कळतं आणि तरी हा उभा."

"ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडायचं नाय," टर्नर म्हणाला.

"राजा पाणी चोरतो हे कळल्यावरही?"

"कळलं नंतर ना, दादा. मीठ आधी खाल्लंय."

स्टोअरकीपर माझ्याकडे वळला. "तू काय म्हणतोस? पण तुला काय विचारायचं. तू तर घागरी मोजून लिहून ठेवणारा."

हा टोला मला लागला, कारण तो खरा होता. आमच्या कारखान्यात सात मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापला जाई. कापायला सांगायचा मशीन शॉपचा फोरमन, आणि कापणारा हात माझा.

"बादशाह को कोई नै पूछता, के तूने किसका नमक खाया," खाला म्हणाल्या. "नमक का हिसाब हमेशा नौकर का." मग त्यांनी आवाज वाढवला, कारण जाहिराती संपल्या होत्या. राजावर त्यांचा जीव होता. बोलतो छान, असं त्यांचं म्हणणं.

टर्नर इतका हट्टानं का भांडतो याचं मला कुतूहल होतं. एरवी तो मालिकेतल्या चिलखताकडे बघून "बावीस गेजचा पत्राय, वाकल" म्हणणारा माणूस. भावनेच्या प्रसंगी त्याचं लक्ष बिजागऱ्यांकडे असायचं. सेनापतीचा विषय निघाला की मात्र मान ताठ. एका रविवारी वीज गेली आणि तो वारा घ्यायला खिशातल्या घडी घातलेल्या कागदानं स्वतःला हलवू लागला. कागद उलगडला तेव्हा दिसलं, तो नव्या युनियनचा फॉर्म होता. कोरा. घडीवर घामाचे डाग पडले होते, म्हणजे खिशात बरेच दिवस होता.

मग सगळं उमगलं. टर्नरला कारखान्यात आणलं ते त्याच फोरमननं. तो शेजारच्या गावचा, त्याच्या बापाच्या ओळखीचा. पहिल्या दिवशी त्याला स्वतःच्या स्कूटरवर बसवून गेटपर्यंत आणलं, आणि लेथ नेमून देताना जॉबची जाडी मोजायचा स्वतःचा मायक्रोमीटर त्याच्या हातात दिला, स्टोअरचा नव्हे. आता मशीन शॉपमधले सगळे नव्या युनियनकडे चालले होते, आणि त्यांची पहिली मागणी त्या फोरमनची बदली ही होती. गेट मीटिंग दोन आठवड्यांवर आली होती. सही केली तर फोरमनशी गद्दारी, नाही केली तर चाळीस माणसांशी. ज्यांच्यासोबत डबा खायचा ती माणसं.

"सही केली की माणूस अडकतंय," तो कागद परत घडी करत म्हणाला. स्टोअरकीपर नव्या युनियनचाच होता, पण त्यानं सहीचा आग्रह धरला नाही. तेवढी सभ्यता आमच्यात होती. आम्ही सेनापतीबद्दल भांडत राहिलो, ते सोयीचं होतं.

त्याच आठवड्यात एका सिनेसाप्ताहिकात बातमी आली की सेनापती लवकरच राजाला सोडणार. टर्नरनं ती दोनदा वाचली. त्या दिवशी तो जेवला नाही, असं खालांनी मला सांगितलं. त्यांनी पाठवलेली खिचडी परत आली होती, आणि खालांच्या घरी खिचडी परत येणं ही साधी गोष्ट नव्हती.

"असं कसं सोडंल?" तो म्हणाला. "कुणी विचारलं का त्येला?"

"मग निवेदन द्या," स्टोअरकीपर म्हणाला.

मला वाटलं, थट्टा आहे. पण तो कार्बन पेपर आणायला उठला. पंधरा वर्षं त्यानं निवेदनं लिहिली होती: तहसीलदारांना, आयुक्तांना, मंत्र्यांना, एकदा गाडीतून न उतरलेल्या मुख्यमंत्र्यांना खिडकीतून. आमच्या शहरात त्या काळात कुणालाही काहीही दुखलं की लोक आधी निवेदन द्यायचे, मग डॉक्टरकडे जायचे.

"तुम्हाला तर सेनापती जायला पाहिजे," मी म्हणालो.

"मला पाहिजे. त्याला नको. त्याचं म्हणणं नीट मांडलं गेलं पाहिजे." आणि त्यानं दिल्लीच्या दूरदर्शन केंद्राच्या नावे वळणदार अक्षरात विषय लिहिला: *सेनापतींचे संभाव्य पक्षांतर थांबविणेबाबत.* उरलेली दोन पानं मी इथं देत नाही. त्यात 'प्रेक्षकांच्या भावना तीव्र आहेत' आणि 'अन्यथा लोकशाही मार्गाने' हे दोन्ही होतं.

सहीची वेळ आली. टर्नर पेनाकडे बघत बसला.

"हे दिल्लीला जानार?"

"व्हय."

"फोरमनला दिसनार नाय?"

"फोरमन दिल्लीत नसतो, बाबा."

त्यानं सही केली. मीही केली. खालांनी उर्दूत केली आणि खाली कंसात 'टीव्ही मालक' असं लिहवून घेतलं. स्टोअरकीपरनं सगळ्यात शेवटी केली, स्वतःच्या मताविरुद्ध, मोठी आणि सुवाच्य. मग हाताच्या सवयीनं त्यानं खाली 'प्रत माहितीसाठी' लिहिलं आणि नेहमीची सरकारी कार्यालयं उतरवून काढली. चूक त्याच्या लक्षात आली तेव्हा पाच पाकिटं पेटीत पडली होती.

दिल्लीहून उत्तर आलं नाही. गेट मीटिंगच्या आदल्या रविवारी सेनापतीनं राजाला सोडलं. राजा झोपलेला असताना त्यानं घागरींच्या किल्ल्या उशाशी ठेवल्या आणि मागच्या दारानं गेला. पार्श्वसंगीत जोरात होतं. स्टोअरकीपरनं मांडीवर थाप मारली, पण हळू.

आम्ही टर्नरकडे बघितलं. तो रागावला होता, पण आम्हाला वाटलं होतं त्या कारणानं नाही.

"गेला ते गेला," तो म्हणाला. "सांगून तर जायचं."

"दुष्ट राजाला काय सांगायचं? मान कापली असती."

"कापली तर कापली. आमच्यात सालावरला मेंढक्या काम सोडतो ना, तवा काठी दाराला लावून नाय जात. मालकाला उठवायचं, काठी त्येच्या हातात द्यायची, मेंढरं त्येच्या डोळ्यांदेखत वाड्यातनं बाहेर काढून मोजून दाखवायची. मालक शिव्या देतो. द्यू द्या. शिव्या खाल्ल्या की माणूस मोकळा." तो थांबला. "मालक लई वाईट असला तरी. काठी दाराला लावली तर त्यो चोर."

म्हणजे इतके आठवडे आम्ही चुकीच्या मुद्द्यावर भांडत होतो. राजा चांगला की वाईट, हा प्रश्न त्याच्या लेखी नव्हताच. सोडावं की नाही, हाही कदाचित नव्हता. कसं सोडायचं तेवढंच अडलं होतं. मी बरीच पुस्तकं वाचली होती, निष्ठेवरची धरून. हे कुठं लिहिलेलं मला आठवेना.

"अबे तो बैठा कायकू है?" खाला म्हणाल्या. "जा ना."

दुपारी तो माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसला. फोरमनचं घर सिडकोत होतं. टर्नरनं रुमालात काहीतरी गुंडाळून आणलं होतं आणि रस्ताभर ते दोन्ही हातांत धरलं होतं, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला तो माझ्या पाठीवर आदळत होता.

फोरमन बनियनवर अंगणात कुंड्यांना पाणी घालत होता. तांब्यानं, बेताबेतानं. मला बघून त्याला वाटलं असावं, हजेरीचं काहीतरी आहे.

टर्नरनं रुमाल सोडला. आत मायक्रोमीटर होता, तेल लावून पुसलेला.

"काका, मी तिकडं सही करनार हाय. उद्या. म्हनून सांगाया आलो."

फोरमननं तांब्या खाली ठेवला. मायक्रोमीटर घेतला, उघडला, बंद केला. मी शिव्यांची वाट बघत होतो. टर्नरही बघत होता, थोड्या आशेनं.

"माझी बदली मागताय म्हणे तुम्ही."

"व्हय."

"तुझ्या बापाला कळवलंस?"

"तुमाला आधी."

फोरमननं तांब्या उचलून उरलेलं पाणी समोरच्या कुंडीला घातलं. कुंडीत मिरचीचं रोप होतं. "जा," तो म्हणाला. चहा विचारला नाही. शिव्याही दिल्या नाहीत, आणि परतीच्या वाटेवर टर्नरला तेच टोचत होतं. "एक तरी द्यायची व्हती," तो मागून म्हणाला.

सोमवारी त्यानं फॉर्मवर सही केली. कागदाच्या घड्या इतक्या पक्क्या झाल्या होत्या की तो टेबलावर सपाट बसेना. पहिल्या पाळीचा भोंगा झाल्यावर फोरमन मशीन शॉपमध्ये आला, चाळीस माणसांसमोर टर्नरच्या लेथपाशी गेला आणि मायक्रोमीटर ठेवला.

"स्टोअरचा खोटं मोजतो," तो म्हणाला. "जॉब बाद व्हायला नको." आणि गेला.

टर्नरनं त्या दिवशी प्रत्येक जॉब दोनदा मोजला. स्टोअरकीपर मात्र खूप बोलला. स्टोअरचे सगळे मायक्रोमीटर तपासलेले आहेत, हा स्टोअरचा अपमान आहे, असं तो आठवडाभर सांगत होता, आणि याबद्दल त्यानं व्यवस्थापनाला एक निवेदनही दिलं.

फोरमनची बदली झाली, दुसऱ्या शॉपमध्ये. तो खलनायक होता का? टर्नरचं काम तो रोज नीट बघायचा, आणि सात मिनिटांसाठी अर्धा दिवसही रोज कापायला लावायचा. मी या प्रश्नाचा अजून निकाल लावलेला नाही. बदलीनंतरही तो गेटवर दिसला की टर्नर सायकलवरून उतरायचा.

मालिका पुढं रेंगाळली. नद्या सुटल्या. आमच्या नळाला पाणी तिसऱ्याच दिवशी येत राहिलं. मग एका जानेवारीत विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला. मागितलं होतं नामांतर, मिळाला नामविस्तार: नवं नाव आलं, जुनंही राहिलं. त्या दिवशी स्टोअरकीपरनं आम्हाला पेढे दिले आणि मग एकटाच विद्यापीठाच्या कमानीपर्यंत चालत जाऊन आला. "कसं वाटलं?" मी विचारलं. "पाटीवरचा रंग ओला होता," तो म्हणाला. त्यानं बोट दाखवलं. बोटाला रंग होता. ते त्यानं दोन दिवस धुतलं नाही.

त्याच महिन्यात आमच्या पत्त्यावर एक सरकारी पाकीट आलं. 'प्रत माहितीसाठी'च्या पाच कार्यालयांपैकी एकानं आमचं निवेदन वाचलं होतं. कार्यालयाचं नाव सांगत नाही, वाचणारं एकच होतं. सेनापतींबाबतचा आपला अर्ज माजी सैनिकांची कामं बघणाऱ्या शाखेकडे वर्ग करण्यात आला आहे, असं त्यात होतं. संबंधित सेनापतींनी रीतसर सेवा सोडल्याचा दाखला पंधरा दिवसांत सादर करावा.

टर्नरनं ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. "बगा," तो स्टोअरकीपरला म्हणाला, "सरकारबी तेच म्हनतंय."

दाखला आम्ही सादर करू शकलो नाही. सोळाव्या दिवशी अर्ज निकाली निघाला.