सुलेमानचा सतरा

अकोल्याहून वाशीमकडे जाणारी गाडी धरायला निघालो, तेव्हा बायकोने विचारलं, शाळेला चाललात की हुरड्याला? मी म्हणालो, दोन्हीला. पौषात वऱ्हाडात फिरायचं आणि हुरडा चुकवायचा, हे पाप माझ्याच्याने होत नाही.

ज्या शाळेचा निकाल घसरला तिथे जाऊन मास्तरांना हात द्यायचा, म्हणून जिल्हा बोर्डाने मला नेमलंय. या वेळची शाळा जऊळक्यापासून आतल्या एका खेड्यात होती. गेल्या वर्षी डिप्टीसाहेबांच्या तपासणीत चौथीतलं एकही पोर हिशेबात तरलं नव्हतं. यंदा निम्मी तरी पास झाली पाहिजेत, नाहीतर चौथीचा वर्गच बंद. पुढची चौथी थेट वाशीमला, म्हणजे पोरांची शाळा तिसरीतच आटोपली. मदत म्हणून बोर्डाने एक नकाशा, खडूंची पेटी आणि मला धाडलं.

तुम्ही कधी गेलात तर जऊळक्याला उतरल्यावर दमणीचं भाडं आधी ठरवा. मी ठरवलं नाही, तर गाडीवानाने नकाशाचंही भाडं लावलं. वाट सगळी काळ्या मातीची आणि चाकोऱ्यांची. दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायांची गाणी चाललेली. कंबर मोडली, पण डोळे निवले.

शाळा दिसण्याआधी ऐकू आली. परवचा चालू होता. दोन ते तीस, शिवाय पावकी, निमकी, औटकी, कुठे अडखळणं नाही. मी मनात म्हटलं, ही पोरं नापास होतात? रात्री देवराव मास्तरांकडे गरम भाकर, तुरीच्या दाण्यांची आमटी आणि ठेचा हाणला आणि निश्चिंत झोपलो.

सकाळी चंद्री नावाच्या उंच पोरीला उभं करून सतराचा पाढा विचारला. तिने मागच्या एका पोराकडे बोट दाखवलं.

"तो तं सुलेमानचा हाय," ती म्हणाली. "दुसऱ्याचा मी कायले म्हणू?"

तेव्हा उलगडा झाला. चार वर्ग आणि मास्तर एकटे. त्यांनी प्रत्येक पोराला एकेक पाढा वाटून दिला होता. संध्याकाळी ज्याने त्याने आपापला म्हणायचा, परवचा पुरा. गावही पोरांना त्याच नावाने ओळखे. चंद्री एकोणतीसवाली, पिंजाऱ्याचा सुलेमान सतरावाला. आपला सोडून दुसरा पाढा कुणालाच येत नव्हता.

मी दोन दिवस दरडावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. मग मधल्या सुट्टीत पोरं बोरं देऊन शेंगा घेताना दिसली आणि मी शाळेतच बाजार मांडला. एक पाढा द्या, एक घ्या. धडाक्यात सौदे सुरू झाले. सुलेमान मात्र कोपऱ्यात बसून राहिला. जवळ जाऊन विचारलं, तर डोळे भरून आले.

"सतरा देऊन टाकला तं माह्यापाशी काय राह्यते, गुरुजी?"

मी म्हणालो, देऊन बघ, गेला तर माझा घे. त्याने चंद्रीला एकेक ओळ शिकवली. मग घाईने भिंतीकडे तोंड करून स्वतः म्हणून पाहिला. सगळा जागेवर होता. वळला तेव्हा असा हसत होता, की मीही हसलो. त्यानंतर तो सतरा वाटतच सुटला.

आठवड्याने डिप्टीसाहेब आले. नेमका चंद्रीलाच सतरा विचारला. तिने सुलेमानकडे पाहिलं. खाणाखुणा चालल्यात असं वाटून साहेबांनी त्याला बाहेर काढलं. देवराव मास्तरांचा चेहरा पांढराफटक. चंद्रीने डोळे मिटले आणि सतरा एके सतरापासून खणखणीत शेवटपर्यंत म्हटला. मग म्हणाली, "झाला, साहेब. आता सुलेमानले आत घ्या. पाढा त्याचा हाय."

साहेबांनी आधी त्याला आत घेतलं, मग पुढच्या पोरांना विचारलं. निम्म्याहून जास्त तरली. चौथी राहिली. त्या संध्याकाळी मास्तरांनी शेतात हुरडा भाजला आणि माझ्या हातावर पहिली मूठ सुलेमानने ठेवली.

घरी आलो. कंबर अजून दुखते. माझी धाकटी रोज दिवेलागणीला परवचा म्हणते, सतरावर हमखास चुकते. पूर्वी मी ओरडत असे. आता सांगतो, बाई, हा सुलेमानचा आहे, जपून म्हण.